पेटीतली लोकर आणि एक जुनी अमानत

भगिनींनो, पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडू लागलं की आमच्या घरातल्या गाद्या, रजया आणि पेट्या गच्चीवर जातात. यंदा त्यांच्याबरोबर माझी लोकरीची पेटीही गेली. कित्येक वर्षं मी तिचं झाकण फक्त नवी लोकर आत टाकण्यापुरतं उघडत होते. धाकटी लेक म्हणाली, "अम्मी, या पेटीत अख्खं दुकान आहे, पण स्वेटर एकही नाही." राग आला, पण पोरगी खोटं बोलत नव्हती.

मी जुनी चादर अंथरली आणि सगळं तिच्यावर ओतलं. लुधियानाच्या लोकरीचे न उघडलेले गुंडे, उरलेसुरले तुकडे, एक बाही नसलेला स्वेटर, एकच पायमोजा आणि सुयांवर तसेच राहिलेले टाके. मग मी चार ढीग करायला घेतले: पूर्ण करायचं, उसवायचं, देऊन टाकायचं आणि आपलं नसलेलं. चौथा ढीग करावा लागेल हे सुरुवातीला माझ्या मनातही नव्हतं. त्याची गोष्ट पुढे सांगते.

आधी लोकर ओळखावी. लेबल हरवलेलं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवावा. मुलांना लांब ठेवावं. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. हे कळणं गरजेचं आहे, कारण कसर लागते ती खऱ्या लोकरीला. ॲक्रिलिक ती सहसा खात नाही. घामाचे, तेलाचे डाग राहिलेले कपडे तिला जास्त आवडतात. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून, झटकून, हवाबंद पिशवीत ठेवणं हाच खरा उपाय. शंका आली तर तीच पिशवी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावी.

डांबरगोळ्यांबद्दल एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. गोळ्यांचा अंश राहिलेले कपडे घातल्याने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळात ही कमतरता आहे की नाही, हे बघून कळत नाही. आजीच्या पेटीतलं टोपडं हौसेने काढून थेट बाळाला घालणाऱ्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

पहिल्या ढिगासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. बाळाच्या टोपीला साधारण ३० ग्रॅम, तान्ह्या बाळाच्या स्वेटरला १०० ग्रॅमच्या आसपास, मफलरला १५० ते २०० ग्रॅम लोकर लागते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४०० ग्रॅमच्या पुढे. काट्यावर ठेवलं की मनातले मांडे लगेच खाली येतात. ज्या कामाला पुरेशी लोकर आहे आणि जे घालणारं माणूस आजही त्याच मापाचं आहे, तेवढंच या ढिगात ठेवलं. दोनच वस्तू उरल्या. लोकर कमी पडत असेल तर नवा गुंडा आणताना लेबलावरचा रंगाचा नंबर आणि लॉट नंबर दोन्ही जुळवा. लॉट वेगळा निघाला तर पट्टा उठून दिसतो. अशा वेळी दोन ओळी जुन्या गुंड्याच्या आणि दोन नव्याच्या विणत गेलं की फरक मिसळून जातो. सुई कोणती होती हेही तपासा. आपल्याकडच्या जुन्या सुयांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबरची सव्वातीन मिलीमीटर, ८ नंबरची चार. मधेच सुई बदलली तर वीण सैल-घट्ट होते.

दुसरा ढीग उसवायचा. उसवताना जीव तुटतो, पण लोकर वाया जात नाही. जिथे विणणं थांबलं त्या टोकाकडून उसवावं, खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून भिजवावी, चोळू नये, आणि खाली हलकं वजन बांधून सावलीत वाळवावी. वळ्या निघून जातात. तिसरा ढीग मोहल्ल्यातल्या शिवणवर्गाच्या मुलींना दिला. शिकणाऱ्या हाताला तुकडेही पुरतात.

आता चौथा ढीग. त्यात एकच पिशवी होती. आत पिवळी लोकर, सुईवर वर्षाच्या मुलाच्या स्वेटरची पाठ, आणि माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: "काकू, नातू, २०० रुपये आगाऊ. डिसेंबर २००९."

त्या काळी आम्ही जुन्या नाशकात एकाच वाड्यात राहत होतो. काकूंचं दार आमच्या दारासमोर. मी चार पैशांसाठी लोकांचे स्वेटर विणून देत असे. काकूंनी लोकर स्वतः आणून दिली, पैसे आधीच हातावर ठेवले. पंधरा दिवसांत सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि सुया बाजूला पडल्या. थंडी सरली. पुढच्या थंडीत मूल त्या मापाचं राहिलं नाही. काकू सिडकोत राहायला गेल्या. मी ना लोकर परत केली, ना पैसे. आधी वाटायचं, पूर्ण करूनच जाऊ. मग वाटू लागलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ. त्यांच्या घरचं लग्नही मी टाळलं. एकदा भाजीबाजारात त्या समोरून येताना दिसल्या, तर मी गल्लीत वळले.

अमानत ज्याची त्याला परत द्यावी, हे मी माझ्या मुलांना शिकवलं. शेजाऱ्याची वाटीसुद्धा रिकामी ठेवून घेऊ नये म्हणून रात्री परत धाडली. आणि ही पिशवी सोळा वर्षं माझ्या पेटीत होती.

त्याच संध्याकाळी लेकीला बरोबर घेऊन सिडकोत गेले. दार एका उंच मुलाने उघडलं. अकरावीत आहे. तोच नातू. काकूंच्या डोळ्यांना आता कमी दिसतं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, दोनशे रुपये ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी लोकर चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "अगं, हे तर मी केव्हाच विसरले होते. पण तू यायची बंद झालीस ते नाही विसरले. मला वाटायचं, माझ्याच तोंडून काही वावगं गेलं असेल. किती वेळा आठवून पाहिलं."

भगिनींनो, मला उत्तर सुचलं नाही. मी दोनशे रुपयांची लाज धरून बसले होते आणि तिकडे एक म्हातारी बाई आपली न केलेली चूक शोधत होती.

पैसे त्या घेत नव्हत्या. मी हात जोडले तेव्हा म्हणाल्या, "तुझं मन हलकं होत असेल तर राहू दे." लोकरीचं काय करू, असं विचारलं तर नातूच हसून बोलला, "आजीला कानटोपी करा. पहाटे देवळात जाते, कान गार पडतात." नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, निफाडला पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. घरी येऊन पाठ उसवली, लडी धुतली. कानटोपी आठव्या दिवशी पोहोचवली. उरलेली लोकरही मोजून परत दिली.

आता पेटीत दोन नियम आहेत. सुईवर काम चढलं की चिठ्ठीवर तारीख, सुईचा नंबर आणि कुणासाठी ते लिहायचं. आणि दुसऱ्याची लोकर पेटीत जात नाही. ती दिवाणखान्यात, येता-जाता दिसेल अशा खुंटीवर टांगायची. काम जमणार नसेल तर महिन्याच्या आत जाऊन तसं तोंडावर सांगायचं.

तुम्हीही या थंडीआधी पेटी उघडा. लोकरीची नसेल तर कपड्यांची, भांड्यांची, पुस्तकांची. चौथा ढीग निघाला तर त्या घरी तेवढ्याच घाईने जा, कारण दार उघडणारं माणूस कायम असतंच असं नाही. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.