अवयव पाडा बघू!

शाळेत ‘अवयव पाडा’ असा प्रश्न आला की पोटात गोळा यायचा ना? आता त्याला थँक्यू म्हणा. कारण तेच गणित गेली कित्येक वर्षं तुमच्या-आमच्या पैशांची राखण करतंय.

आधी एक छोटा प्रयोग. ८९ गुणिले ९७ किती? मोबाइलवर दोन सेकंदांचं काम, ८६३३. आता शेजारच्या डेस्कवरच्या दोस्ताला फक्त ८६३३ सांगा आणि हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ते शोधायला लावा. तीननं भाग, सातनं भाग, अकरानं भाग... बिचाऱ्याचा लंच टाइम गेलाच! सगळा फंडा एवढाच. गुणाकार सोपा, परतीचा रस्ता महाकठीण.

१९७७ साली एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या त्रिकुटानं यातूनच एक कुलूप बनवलं. दोन भल्यामोठ्या मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार बिनधास्त जगजाहीर करायचा. या संयुक्त संख्येनं कुलूप कुणीही लावावं. उघडायला मात्र तिचे अवयव हवेत. तिघांच्या आडनावांवरून या पद्धतीचं नाव पडलं आरएसए.

त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या मार्टिन गार्डनरच्या सदरात एक १२९ अंकी संख्या आणि तिनं कुलूपबंद केलेला निरोप छापून आला. फोडा आणि १०० डॉलर न्या! त्या वेळचा अंदाज होता, चार अब्ज कोटी वर्षं लागतील.

लागली जेमतेम सतरा. एप्रिल १९९४ मध्ये संख्या फुटली. एक अवयव ६४ अंकी, दुसरा ६५ अंकी. इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे ६०० हौशी मंडळींनी आपापले मिळून १६०० कॉम्प्युटर्स कामाला लावले होते. आतला निरोप? ‘जादूचे शब्द आहेत स्क्वीमिश ऑसिफ्रेज’. म्हणजे हाडं फोडून खाणारं गिधाड, आणि तेही किळस येणारं! गंमत सोडा, पण धडा मोठा होता. नुसती मशिन्स वेगवान झाली नव्हती, अवयव पाडायच्या युक्त्याही सुधारल्या होत्या.

आणखी एक अजब गोष्ट. एखादी संख्या संयुक्त आहे हे तिचा एकही अवयव न शोधता कळू शकतं. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तर संख्या मूळ की संयुक्त, हे खात्रीनं आणि झटपट ठरवता येतं, हे सिद्ध करून जगाला थक्क केलं. पण ‘फुटते’ एवढं कळणं वेगळं आणि ‘कुठे फुटते’ ते कळणं वेगळं. कुलूप टिकून आहे ते या फरकावर.

२०२० मध्ये २५० अंकी संख्याही फुटली. हल्ली सर्रास वापरली जाते ती ६१७ अंकी, म्हणून सध्या नो टेन्शन. पण एक गोष्ट लक्षात ठेवा बॉस, अवयव पाडणं कठीणच आहे, हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. आपला भरवसा आहे तो फक्त ‘अजून कुणाला जमलेलं नाही’ यावर!

त्यातच १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर हे काम चुटकीसरशी करेल. तसं मशिन अजून बनलेलं नाही. पण आज चोरून साठवलेला डेटा उद्या उघडता येईल, ही धास्ती खरी आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेनं नव्या कुलपांची मानकं जाहीर केली, आणि ब्राउजर्समध्ये ती यायलाही लागलीत.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अपडेट करू?’ असं फोननं विचारलं, तर ‘नंतर’ म्हणू नका. कुलूप बदलणारा दारात उभा असेल!