प्लायचा पलंग आणि नंदुरबारचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत नंदुरबार, शहादा, तळोदा परिसरात पारा चाळिशी ओलांडतो आणि झळ आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. लग्नसराईही याच दिवसांतली, म्हणजे नवा पलंग आणि नवे कपाट घरात येतात ते ऐन उन्हाळ्यात. स्वस्त फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्ड, एमडीएफ किंवा हलक्या प्लायचे असते. ड्रॉवरची खालची बाजू किंवा कपाटाची पाठ निरखून पाहावी. तिथे अनेकदा सनमायका नसतो, दाबून चिकटवलेला भुसा उघडा दिसतो. तो धरून ठेवतो यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्त सुटतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दमा बळावणे हे त्याचे नेहमीचे त्रास. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवले. नव्या फर्निचरचा वास ओसरला म्हणजे वायू संपला, असे नाही.

उष्णतेचा मुद्दा किती गंभीर आहे, हे अमेरिकेत दिसले. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना सरकारने चाकांवरची तयार घरे दिली. त्यांच्या आत असेच चिकटवलेले बोर्ड होते. तिथल्या आरोग्य यंत्रणेने ५१९ घरांतली हवा हिवाळ्यात तपासली. फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सरासरी अब्जात ७७ भाग निघाले, काही घरांत ५९० पर्यंत गेले. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासासाठीची मर्यादा साधारण ८० आहे. उन्हाळ्यात हे आकडे वाढतील म्हणून त्याआधीच लोकांना हलवा, असा सल्ला २००८ मध्ये देण्यात आला. आपल्याकडे उन्हाळा टाळता येत नाही, त्यामुळे डिंकाचा विचार आपण अधिक करायला हवा.

मुख्य म्हणजे पर्याय आपल्या दाराशी आहे. बाभळीची किंवा सागाची चौकट आणि सुतळीची वीण असलेल्या बाजेत बोर्डही नाही आणि डिंकही नाही. खालून वारा खेळतो, वीण सैल झाली की पुन्हा ताणता येते. नवापूर भागातल्या कोटवाळिया कारागिरांच्या हातात बांबूचे कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. टोपली-सूप विणणारा हात खुर्ची आणि मांडणीही करू शकतो, हे मेळघाटातल्या लवाद्याच्या बांबू केंद्राने आणि कुडाळच्या ‘कॉनबॅक’ने दाखवून दिले आहे. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये बांबूला गौण वनोपज मानले, आणि जंगलाबाहेरचा बांबू २०१७ मध्ये ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्याची एक मोठी अडचण त्यामुळे दूर झाली.

बांबूला भुंगा लागतो, ही तक्रार खरी आहे. पण कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू लवकर पोखरला जातो, कारण त्यातला स्टार्च किडीचे खाद्य असते. तीन वर्षांचा पक्का बांबू हिवाळ्यात तोडून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि ही द्रव्ये हवेत उडत नाहीत. मात्र ‘बांबू बोर्ड’ नावाने मिळणारी फळीही चिकटवलेलीच असते. तिथे डिंक कोणता, हे विचारलेच पाहिजे. लाकूड वापरणे म्हणजे सातपुडा उजाड करणे, हा आक्षेप चोरट्या सागाला पूर्ण लागू पडतो. म्हणून पावती नसलेला साग घेऊच नये. पाडलेल्या जुन्या माड्यांचे लाकूड सुताराकडून रंधून घ्यावे. त्यावर जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासूनच ९० पीपीएमची मर्यादा आहे.

चुलीच्या धुराने होणारे नुकसान याहून कितीतरी मोठे आहे, असेही कोणी म्हणेल. ते मान्यच आहे आणि गॅस आधी पोहोचायला हवा. पण धुरात वाढलेल्या मुलाच्या उशाशी आणखी एक वायू ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. किमतीचा आक्षेप जास्त खरा आहे. कारागीर एकेक नग करतो तेव्हा तो महाग पडतो आणि मोठी मागणी आल्याशिवाय दर उतरत नाही. ती मागणी सरकार निर्माण करू शकते. नंदुरबार आणि तळोदा या आदिवासी विकास प्रकल्पांतल्या आश्रमशाळांत व वसतिगृहांत मुले दाटीवाटीने झोपतात. तिथल्या खरेदीच्या निविदेत फॉर्माल्डिहाइडची मर्यादा लिहावी, आणि बाजा, बाके, मांडण्यांचा ठरावीक वाटा जिल्ह्यातल्या कारागीर गटांसाठी राखून ठेवावा.