कोपराचा फोटो : एकाने भागत नाही

मे महिन्याची सुट्टी लागली की आंब्या-जांभळाची झाडे आणि घरांच्या गच्च्या मुलांनी गजबजून जातात, आणि आमच्या दवाखान्यात हात गळ्यात अडकवलेली मुले येऊ लागतात. पडताना माणूस, मग तो लहान असो की मोठा, हात पुढे करून जमिनीवर टेकतो. सगळा भार मनगटावर आणि कोपरावर येतो. मुलांमध्ये, विशेषतः पाच ते सात वर्षांच्या वयात, कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडणे ही नेहमीची गोष्ट आहे. मूल रडत असते, कोपर सुजलेले असते, घरची मंडळी घाबरलेली असतात. अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर पडते : "डॉक्टरसाहेब, पोर फार रडतंय. एकच फोटो काढू. मोडलंय की नाही एवढं कळलं म्हणजे झालं."

आजचा लेख या वाक्याबद्दल आहे. माझे मत स्पष्ट आहे. दुखावलेल्या कोपराचा एकच एक्स-रे काढणे ही काटकसर नव्हे. पुष्कळदा त्यातून खोटा दिलासा मिळतो, आणि खोटा दिलासा हा दुखण्यापेक्षा वाईट.

कारण साधे आहे. दोन माणसे एकामागे एक उभी असली तर समोरून एकच दिसतो. बाजूला जाऊन पाहावे तेव्हा दुसरा दिसतो. हाडाचेही तसेच. कोपराच्या वर मोडलेला तुकडा बहुधा मागच्या बाजूला सरकतो. समोरून घेतलेल्या फोटोत तो जागच्या जागी असल्यासारखा वाटू शकतो. म्हणून एक फोटो समोरून आणि एक बाजूने, असे दोन लागतातच.

हे दोन फोटोही नीट निघाले पाहिजेत. रोग्याला स्टुलावर टेबलालगत असे बसवतात की हात काखेपासून टेबलावर टेकावा आणि खांदा, कोपर, मनगट एका पातळीत यावेत. समोरच्या फोटोसाठी हात सरळ आणि तळवा वर. बाजूच्या फोटोसाठी कोपर काटकोनात वाकवलेले आणि अंगठा वर. हात किंचित जरी तिरपा पडला तरी हाडांच्या सावल्या एकमेकींवर चढतात. कोपरातल्या चरबीची एक बारीक सावली असते. एरवी मागच्या बाजूला ती दिसत नाही. सांध्यात रक्त साचले की ती वर उचलली जाऊन दिसू लागते. हाडातली चीर डोळ्यांना दिसत नसतानाही या सावलीवरून संशय घेता येतो. पण त्यासाठी बाजूचा फोटो काटकोनातच हवा. खांदा उंच आणि हात खाली लोंबकळता ठेवून घाईत काढलेल्या फोटोत हा धागा हातून निसटतो.

आता महत्त्वाचा प्रश्न. मोडलेला हात सरळ होतच नसेल तर? तर तो कोणीही सरळ करू नये. आईने नाही, मामाने नाही, एक्स-रे काढणाऱ्यानेही नाही. कोपराच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. मोडलेल्या हाडाचे टोक सुरीसारखे असते. ओढाताणीत ते नेमके तिथे घुसू शकते. हात जसा आहे तसाच आधार देऊन ठेवावा आणि फोटो त्याच स्थितीत घ्यावा. समोरचे चित्र दोन भागांत घेता येते, एकदा दंड सपाट टेकवून आणि एकदा पुढचा हात सपाट टेकवून. बाजूच्या फोटोसाठी यंत्राचा झोत आडवा करता येतो. यंत्र फिरवावे, हात फिरवू नये.

दोनेक वर्षांपूर्वी सहा वर्षांचा एक मुलगा जांभळाच्या झाडावरून पडला. त्याच्या आजोबांनी मोबाइलवर आलेला फोटो मला दाखवला. एकच, समोरचा. "मोडलेलं नाही म्हणतात, मुका मार आहे. चोळून देणाऱ्याकडे नेऊ का?" कोपर भरून आले होते आणि मुलगा हाताला हात लावू देत नव्हता. मी हात हलू न देता बाजूचा फोटो काढायला लावला. तुकडा मागे सरकलेला स्पष्ट दिसला. त्याच दिवशी त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवले, तारा घालून हाड बसवले गेले. आज तो मुलगा क्रिकेट खेळतो. एकाच फोटोवर भरवसा ठेवून त्या कोपराला चोळले असते, वर कामट्या घालून घट्ट पट्टी आवळली असती, तर काय झाले असते याचा विचार वाचकांनीच करावा. घट्ट बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात आणि बोटे पंज्यासारखी कायमची वाकतात. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने 1881 मध्ये हे लिहून ठेवले, आणि असे हात आजही पाहायला मिळतात.

दोन फोटो म्हणजे दुप्पट किरण, अशी भीती काहींना वाटते. कोपराच्या फोटोत लागणारे किरण आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळणाऱ्या किरणांपेक्षाही कमी असतात. तरी मुलाला धरायला जो आत जाईल त्याने शिशाचा एप्रन घालावा, आणि गरोदर स्त्रीने आत जाऊ नये.

घरच्यांनी काय करावे? पडलेल्या जागीच घडी केलेले वर्तमानपत्र हाताखाली घेऊन ओढणीने सैलसर आधार द्यावा. बाही ओढून काढू नये, कात्रीने कापावी. बांगड्या, कडे, अंगठी, काळ्या दोऱ्यातला ताईत सूज वाढण्यापूर्वी उतरवावा. धातूची सावली फोटोत येते. राँटगेनने डिसेंबर 1895 मध्ये आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यातही तिची अंगठी दिसते. त्या माउलीला कित्येक मिनिटे हात स्थिर ठेवावा लागला होता. आज क्षणभर पुरतो. वेळ लागतो तो हात नीट ठेवायला, आणि तेवढा वेळ एक्स-रे काढणाऱ्याला द्यावा. दारातून "झालं का, झालं का" करू नये. मुलाला आईच्या मांडीवर बसवून चालते. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांनी पाहीपर्यंत खाऊपिऊ घालू नये. बोटे गार किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, बोटे सरळ करताना कळ असह्य झाली, तर फोटोसाठीही थांबू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे.

चार वर्षांच्या आतले मूल पडलेले नसेल, कोणी हाताला धरून हिसक्याने उचलल्यावर ते हात हलवेनासे झाले असेल, तर बहुधा कोपरातले हाड जरासे निसटलेले असते. तिथे सहसा फोटो लागतच नाही. कधीकधी फोटोसाठी तळवा वर करतानाच ते जागी बसते आणि मूल हसू लागते! पण हे ठरवायचे डॉक्टरांनी. घरी प्रयोग नकोत.

मुलांच्या कोपरात हाडाची सहा केंद्रे वयाप्रमाणे एकामागून एक दिसू लागतात. त्यामुळे मोडलेला तुकडा आणि वाढते हाड यांत जाणत्यालाही थांबून पाहावे लागते. म्हणून फोटो मोबाइलच्या पडद्यावर, तोही एकच, पाठवून मत मागू नका. दोन्ही फोटो घ्या, त्यांवर डावा की उजवा याची खूण आहे ना ते पाहा, आणि मुलाला घेऊन या. फोटो हाडाचा असतो, तपासायचे असते ते मूल.