मुकी झालेली चित्रफीत



आमच्या धाकट्या भगिनीचे लग्न १९८९ साली ठाण्यास झाले. तिच्या मेंदीच्या रात्रीची व्हिडिओ कॅसेट आम्ही इस्राएलला येताना कपड्यांच्या घडीत जपून आणली. भारत व इस्राएल या दोन्ही देशांत चित्राची पद्धत 'पाल' हीच असल्यामुळे ती येथील यंत्रावरही विनासायास चालली. पुढे एका दुकानातून तिची डी.व्ही.डी. करून घेतली. यंदा तू बिशवातच्या सुमारास नातवाने त्या तबकडीवरून संगणकावर फाईल तयार केली आणि एलियाहू हनाबीचा मलिदा वाटून झाल्यावर सारे कुटुंब पडद्यासमोर बसले.

चित्र स्वच्छ दिसले. आमच्या दिवंगत मातोश्री बायकांच्या मेळाव्यात बसून गाणे म्हणत होत्या. ओठ हलत होते, टाळ्या पडत होत्या, पण आवाज नव्हता. सात वर्षांच्या नातीने हिब्रूत विचारले, "पणजी काय गाते आहे?" आम्ही उत्तर द्यावयास गेलो, तो पहिल्या ओळीपुढचे शब्दच आठवेनात! चाल आठवत होती, शब्द त्या फितीत अडकले होते.

हा दोष शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. घरोघरी अशा कॅसेटी पडून आहेत व मुले-नातवंडे त्यांच्या फाईली करू लागली आहेत, म्हणून जे शिकलो ते येथे क्रमाने सांगतो.

प्रथम हे ठरवावे की, आवाज फाईलमध्ये नाहीच, की असूनही ऐकू येत नाही? फाईल ही एक पेटी समजावी. तिच्यात चित्राचा एक प्रवाह असतो व ध्वनीचा दुसरा. 'एम.पी. फोर' हे केवळ पेटीचे नाव. आत ध्वनी कोणत्या रूपात आहे, वा आहे की नाही, हे त्या नावावरून कळत नाही. व्ही.एल.सी. नावाचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्यात फाईल उघडून टूल्स या यादीतील 'कोडेक इन्फर्मेशन' पाहावे. तेथे प्रत्येक प्रवाहाची नोंद असते.

ध्वनीची नोंद असेल आणि संगणकावर आवाज येऊन फोनवर वा टेलिव्हिजनवर येत नसेल, तर दोष बहुधा रूपाचा आहे. 'ए.सी. थ्री' अथवा 'पी.सी.एम.' या रूपातील ध्वनी कित्येक उपकरणांना वाचता येत नाही. अशा वेळी चित्र 'एच. २६४' व ध्वनी 'ए.ए.सी.' असे निवडून फाईल पुन्हा काढावी. हँडब्रेक हा विनामूल्य प्रोग्रॅम हे काम करतो.

नोंद आहे, रूपही योग्य आहे, तरी सर्वत्र शांतता असेल, तर संपादनाच्या खिडकीत ध्वनीची रेघ पाहावी. ती सपाट असेल तर तेथे आवाज नाही. लाटा दिसत असतील तर ती पट्टी कोणी 'म्यूट' तर केली नाही ना, हे तपासावे. हेडफोनमध्ये आवाज येतो आणि फोनच्या एकाच स्पीकरवर तो नाहीसा होतो, असेही घडते. डाव्या व उजव्या बाजूंच्या लहरी परस्परविरुद्ध असल्या की एकत्र येताच त्या एकमेकींना पुसून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे एकच बाजू घेऊन ती दोन्हीकडे द्यावी.

ध्वनीची नोंदच नसेल, तर एक पायरी मागे जावे व मूळ तबकडी ऐकावी. मुळात आवाज असेल तर तो फाईल काढताना सुटला. एक्स्पोर्टच्या खिडकीत ऑडिओची खूण निघालेली असते, किंवा प्रोग्रॅमला मुळातील ध्वनीचे रूप वाचता येत नाही व तो मुकाट्याने चित्रच तेवढे उचलतो. आमच्याकडे हेच झाले होते. डी.व्ही.डी.वरील ध्वनी 'ए.सी. थ्री' रूपात होता. दुसऱ्या प्रोग्रॅमने 'ए.ए.सी.' करताच तो परत आला.

मुळातच आवाज नसेल, तर कॅसेटकडे वळावे. पिवळी तार चित्राची, तांबडी व पांढरी ध्वनीच्या. केवळ पिवळी जोडली तर चित्र मुकेच येणार. व्ही.एच.एस. फितीच्या कडेला ध्वनीची एक साधी पट्टी असते, आणि हाय-फाय यंत्रावर मुद्रण झाले असल्यास चित्राबरोबर दुसरीही असते. एक खराब झाली असली तर यंत्रावरील कळ फिरवून दुसरी ऐकावी. मिनी डी.व्ही. फितीत १२ बिटांच्या मुद्रणात ध्वनीच्या दोन जोड्या असू शकतात. दुसरी, रिकामी जोडी निवडली गेली तर काहीच ऐकू येत नाही.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. सबंध फाईल काढण्यापूर्वी एका मिनिटाचा तुकडा काढून तो फोनवर ऐकावा. आणि नवी फाईल शेवटपर्यंत ऐकल्यावाचून मूळ कॅसेट वा तबकडी टाकून देऊ नये. व्ही.सी.आर. बनविणाऱ्या जपानमधील फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते काम थांबविले. चालू स्थितीतील यंत्रे दिवसेंदिवस कमीच होणार आहेत, तेव्हा हे काम पुढच्या सणावर ढकलू नये.

आमच्या मातोश्रींचा आवाज अखेर घरात घुमला. गाणे संपल्यावर त्यांनी कोणाला तरी "दिवा वर घे गं" असे म्हटले, तेही ऐकू आले. आम्ही गाण्याचे शब्द वहीत उतरवून घेतले आणि नातीकरिता खाली हिब्रू अक्षरांतही लिहिले. तिला अर्थ अजून पुरता कळत नाही, परंतु दुसऱ्या ओळीपर्यंत ती बिनचूक म्हणते. आम्हांस आता सबंध गाणे येते.