अपलोड केले म्हणजे खुले झाले?

आपल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ‘ई-संसाधने’, ‘डिजिटल ग्रंथालय’, ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशा पाट्या झळकतात. त्यांवर क्लिक करून पाहणाऱ्याला पुढचे सांगायला नको. कुठे लॉगिन मागतात, कुठे दुवा बंद पडलेला असतो, तर कुठे वाकडी स्कॅन केलेली, कडेच्या ओळी कापलेली पाने उघडतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढेही वाटून झाले. आता विद्यापीठांना सहा खडे प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

1. हा पैसा कोणाचा? प्राध्यापकांचे पगार, संशोधकांच्या शिष्यवृत्त्या, ग्रंथालयाची खरेदी हे सारे प्रामुख्याने सरकारी तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून चालते. त्यातून तयार झालेले प्रबंध, दूरशिक्षणाची पुस्तके, जतन केलेली हस्तलिखिते मग फक्त ओळखपत्रधारकांपुरती का? गडचिरोलीतल्या शाळेतला शिक्षक आपल्या भागातल्या बोलीवरचा प्रबंध वाचू इच्छितो, तर त्याने पुण्या-मुंबईच्या खेपा घालायच्या का? जनतेच्या पैशातून झालेले ज्ञान जनतेसमोर ठेवणे हा उपकार नाही, ते देणे आहे.

2. प्रबंध दिसतो, पण वाचता येतो का? पीएच.डी. बहाल झाल्यावर 30 दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्येच घातले. त्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. आता तिथला एखादा मराठी प्रबंध उघडा. मुखपृष्ठाची एक फाइल, प्रमाणपत्राची दुसरी, प्रत्येक प्रकरणाची आणखी वेगळी. अनेकदा पाने म्हणजे नुसती छायाचित्रे. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टात असेल, तर एक ओळ कॉपी करून पाहा: ‘शेतकरी’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या संगणकाला वाचूनही दाखवता येत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 पासून आहे, तो काय फक्त इमारतीच्या उतरत्या रॅम्पपुरता? जे शोधता येत नाही आणि वाचता येत नाही, ते अपलोड करून विद्यापीठ फक्त रकाना भरते.

3. आपले कोश शिकागोत का शोधायचे? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मध्ये मुंबईत छापली गेली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आज तो कोश कोणालाही फुकट, शब्द टाकून शोधता येतो, पण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. दात्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही तिथेच. आपल्याकडे हे जमत नाही असे म्हणावे, तर मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश आंतरजालावर आलेच ना? मात्र ते काम विश्वकोश मंडळाने आणि यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने केले. जुना वारसा मिरवणाऱ्या विद्यापीठांनी या बाबतीत मागे राहावे, यात शिकागोचा मोठेपणा आहे आणि आपली नामुष्की.

4. कॉपीराइटचा बागुलबुवा किती दिवस? प्रश्न विचारला की ‘स्वामित्वहक्काची अडचण आहे’ हे उत्तर तयार असते. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षांनी त्याचे लेखन मुक्त होते. महात्मा फुले 1890 मध्ये गेले, हरि नारायण आपटे 1919 मध्ये, इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये. त्यांच्या हयातीतल्या आवृत्त्या कपाटात कुलूपबंद ठेवायला कोणता कायदा सांगतो? आणि विद्यापीठाने स्वतः लिहून घेतलेल्या, हक्क स्वतःकडे राखलेल्या अभ्यासपुस्तिकांना परवानगी द्यायची कोणी? अडचण कायद्याची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

5. उद्या हे टिकेल का? लाखो पुस्तके स्कॅन करणारी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ सरकारी मदतीने उभी राहिली आणि पुढे तिचे संकेतस्थळ बंद पडले. त्यातल्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या प्रती आज अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. कागदाची कथा तर आपण भोगलेली आहे: 1961 चा पानशेतचा पूर, 2004 मधला भांडारकर संस्थेवरचा हल्ला, 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर. तरीही एकच प्रत, एकच सर्व्हर आणि कंत्राट संपले की कोणीच वाली नाही, असा कारभार कसा चालतो? जतनाची जबाबदारी निविदेबरोबर संपत नाही.

6. निधी नाही, हे कारण पटते का? ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत केंद्र सरकारने जवळपास 13,000 नियतकालिकांसाठी तीन वर्षांचे सुमारे 6,000 कोटी रुपये मंजूर केले. संशोधकांना ती नियतकालिके मिळायलाच हवीत. पण जगाचे ज्ञान विकत घ्यायला पैसा आहे आणि घरातले ज्ञान वाचनीय करायला नाही, हे गणित कोणत्या अर्थशास्त्रात बसते? खर्चाच्या यादीत मराठी शेवटी येते, म्हणून तिच्यासाठी पैसा उरत नाही.

नागरिकहो, यावर उपाय आपल्याही हातात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले 10 प्रतिनिधी असतात. आपल्यापैकी किती पदवीधरांनी ती नोंदणी केली आहे? करा. मते मागायला येणाऱ्याला विचारा: प्रबंध युनिकोडमध्ये घेण्याचा नियम करणार का? हक्कमुक्त पुस्तके लॉगिनशिवाय खुली करणार का? दुसरी प्रत कुठे ठेवणार? माहिती अधिकारात अर्ज करून डिजिटायझेशनवरचा खर्च आणि खुल्या झालेल्या पानांचा हिशेब मागा. पाटी रंगवून झाली आहे, आता दार उघडायला लावणे आपले काम आहे.