स्लॅब थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

सोलापूरजवळ, अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या माळावर रे नगर उभे राहिले आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि इतर असंघटित श्रमिकांसाठी ३० हजार घरांची ही वसाहत. ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी १५ हजार घरे लाभार्थ्यांच्या हाती आली. त्याआधी, २००६ मध्ये, याच कुंभारीत विडी कामगार महिलांच्या १० हजार घरांची वसाहत लोकार्पित झाली होती. या वसाहतींचा विषय निघाला की कामगार नेते नरसय्या आडम यांची चळवळ, सरकारी अनुदान आणि पंतप्रधानांच्या भेटी यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण इतकी घरे बांधायची तर प्रत्येक स्लॅबपाशी ‘टाका’ किंवा ‘थांबा’ म्हणणारे कोणीतरी लागते. ते काम साइट इंजिनिअरचे. घर घेणाऱ्याला बहुधा त्याचे नावही ठाऊक नसते.

आर्किटेक्ट घराची मांडणी ठरवतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणजे संरचना अभियंता, खांब-तुळयांची जाडी आणि त्यातले लोखंड ठरवतो. हे सारे कागदावर असते. ते जमिनीवर उतरवणारा साइट इंजिनिअर. लाइन-आउट (जमिनीवरची आखणी) काढणे, लेव्हल देणे, सळयांची लांबी आणि वाक यांचा तक्ता करणे, सेंटरिंग (साचे आणि टेकू) तपासणे, सिमेंट-खडीची मागणी नोंदवणे, झालेल्या कामाची मोजमापे घेऊन बिल तयार करणे, ही सगळी कामे त्याच्याकडे येतात. सोलापुरात हे करताना मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नड यांतल्या निदान तीन भाषा कामापुरत्या तरी याव्या लागतात. त्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत.

पहिला कठीण निर्णय पायातच येतो. सोलापूरच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. नकाशावर खोली लिहिलेली असते, पण खड्ड्यात उतरल्यावर एका कोपऱ्यात मुरूम लागतो आणि दुसऱ्यात माती संपतच नाही. अशा वेळी काम थांबवून संरचना अभियंत्याला बोलवायचे की ‘एवढ्याने काय होते’ म्हणून पुढे जायचे, हे त्या खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडले. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागते त्यापेक्षा जास्त पाणी घातले, तर ते पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या उरतात. उलट, पातळ काँक्रीट पसरवायला सोपे आणि हाताला हलके. म्हणून मिक्सरपाशी ‘अजून पाणी सोडा’ हा आग्रह दिवसभर चालतो. मजुराच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नाही. पाठ त्याची मोडते. नकार देण्याचे काम इंजिनिअरचे.

मग येते ऊन. सोलापूरचा मे महिना ४२ अंशांच्या पुढे जातो. ओतलेल्या काँक्रीटवरचे पाणी झपाट्याने उडते आणि काँक्रीट घट्ट होण्याआधीच पृष्ठभागावर तडे पडतात. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस ओले ठेवायचे असते. कोरड्या, उष्ण हवेत किंवा राखमिश्रित सिमेंट वापरल्यास किमान १० दिवस. यालाच साइटवर क्युरिंग किंवा ‘पाणी मारणे’ म्हणतात. आता ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे दहा दिवस स्लॅब भिजवायला पाणी कुठून आणायचे? टँकर मागवावा लागतो आणि टँकरला पैसे पडतात. न मारलेले पाणी लगेच दिसत नाही, म्हणून काटकसर पहिल्यांदा तिथेच होते.

गुणवत्ता तपासण्याची पद्धत अर्थात आहे. ३० घनमीटरच्या स्लॅबसाठी मानकानुसार तीन नमुने घ्यावे लागतात, प्रत्येकाचे तीन ठोकळे, म्हणजे १५ सेंटिमीटरचे नऊ क्यूब. ते पाण्यात ठेवून २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. मात्र २८ दिवसांत वरचा स्लॅब पडण्याच्या बेतात असतो किंवा पडलेलाही असतो. शिवाय क्यूब पाण्याच्या टाकीत मुरलेले असतात. खरा स्लॅब मात्र उन्हात तापलेला. निकाल आल्यावर खालचा मजला तोडायला कोणी धजत नाही. म्हणून खरी तपासणी काँक्रीट ओतताना, त्याच दिवशी, त्याच माणसाकडून व्हावी लागते.

या कामाला घड्याळ नसण्याचे कारणही सिमेंटमध्येच आहे. स्लॅब मध्येच थांबवला तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो. तिथून पुढे पाणी झिरपते, लोखंड गंजते. त्यामुळे सकाळी सुरू झालेला स्लॅब मिक्सर बिघडला किंवा खडी उशिरा आली तरी रात्री पुरा करावाच लागतो. आठवड्याच्या सुट्टीला मजूर बाजाराला जातात आणि इंजिनिअर राहिलेली मोजमापे लिहीत बसतो. मुलींसाठी यात आणखी एक अडचण असते: अनेक साइटवर स्वच्छतागृहच नसते.

मजूर त्याला ‘साहेब’ म्हणतात. कायद्याच्या लेखीही तो साहेबच ठरतो, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने पर्यवेक्षण करणाऱ्या माणसाला कामगार मानले, पण पगार महिना १,६०० रुपयांपर्यंत असेल तरच. ती रक्कम वर्षानुवर्षे तशीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा १८ हजार रुपये झाली आहे. त्यामुळे नवख्यांपैकी काही आत येतील. दोन-तीन वर्षे काढलेला पुन्हा बाहेर. धोका मात्र पगार पाहत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर लाँचर कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. त्यांत मजुरांबरोबर अभियंतेही होते.

पुढची वाट कशी आहे? सोलापूरच्या वालचंद अभियांत्रिकी संस्थेतून किंवा शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला मुलगा ट्रेनी म्हणून लागतो, मग साइट इंजिनिअर, सीनियर, आणि टिकला तर प्रोजेक्ट मॅनेजर. बरेच जण मधेच बिलिंग किंवा प्लॅनिंगच्या टेबलाकडे वळतात, कारण तिथे पंखा आणि ठरलेली वेळ असते. पुष्कळ जण पुण्याला जातात. काही जण कनिष्ठ अभियंत्याच्या सरकारी परीक्षेत वर्षे घालवतात. काही कंत्राटदार होतात. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद रेल्वेच्या कंत्राटांतूनच वर आले आणि १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. आज सरकारी छोट्या कामांपैकी ठरावीक हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव असतो. पण काम मिळणे आणि बिल मिळणे यांत अंतर आहे; थकीत बिलांसाठी राज्यभरातील कंत्राटदारांना २०२५ मध्ये रस्त्यावर यावे लागले.

ही सारी माहिती एकत्र ठेवली की दोष कुठे आहे ते दिसते. इमारतीच्या आयुष्याचे निर्णय सर्वांत तरुण आणि कमी पगाराच्या माणसावर सोडलेले आहेत, आणि त्याचा पगार ज्याच्या हातात आहे त्याचे बिल स्लॅब लवकर पडण्यावर अवलंबून आहे. महारेरा या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाने प्रवर्तकांकडून, म्हणजे बिल्डरांकडून, अभियंत्याचे गुणवत्ता-प्रमाणपत्र दरवर्षी मागायला सुरुवात केली, रचनेतील दोषांची पाच वर्षांची जबाबदारीही रेरा कायद्यात आहे. त्याने सही करणारे वाढले. ‘थांबा’ म्हणण्याची ताकद कोणाला मिळाली नाही.

मोठ्या कंपन्यांत गुणवत्ता विभाग वेगळा असतो आणि तो साइट प्रमुखाच्या हाताखाली नसतो. जुळे सोलापूर या उपनगरातल्या तीन मजली अपार्टमेंटला हे परवडणार नाही, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पाच-सहा बिल्डरांनी मिळून एक अनुभवी गुणवत्ता-अभियंता नेमला, त्याचा पगार बिल्डरांच्या स्थानिक संघटनेतून दिला आणि त्याच्या लेखी होकाराशिवाय स्लॅब टाकायचा नाही असे ठरवले, तर एका साइटवर पडणारा बोजा एका माणसाच्या पगाराचा पाचवा-सहावा हिस्सा एवढाच. रात्रीपर्यंत स्लॅब चालला तर दुसऱ्या दिवशी त्या इंजिनिअरला सक्तीची सुट्टी मिळावी. आणि क्युरिंगचा खर्च काँक्रीटच्या दरात विरघळवण्याऐवजी अंदाजपत्रकात टँकरच्या खेपांसह स्वतंत्र ओळीत यावा. मग तो मोजता येईल, आणि ‘पाणी मारले नाही’ असे वहीत लिहिणाऱ्या मुलाच्या हाती निदान एक आकडा असेल.