बदकाच्या पोटातले पाणी

लहान मुलांच्या आंघोळीतली प्लॅस्टिकची बदके आतून काळी पडतात, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. ती काळी पडली की घरात जे बोलले जाते ते मात्र सगळे मुलाच्या आईला उद्देशून असते. नीट धुतली नाहीत, वाळवली नाहीत, लक्षच नाही. बँकेत असताना आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. तीच चूक दहा शाखांत दहा कारकुनांच्या हातून होत असेल, तर कारकुनांना मेमो देण्यापूर्वी छापील नमुना तपासावा. इथे नमुन्यातला दोष म्हणजे बदकाच्या पोटाखालचे भोक.

बदक दाबले की चिळकांडी उडते, सोडले की तेच भोक पाणी आत ओढून घेते. कितीही पिळा, चमचाभर पाणी आत राहतेच. त्यात साबण, अंगाचा मळ आणि घाम. शिवाय मऊ प्लॅस्टिकमधूनही सूक्ष्मजीवांना खाद्य होईल असे कार्बनी पदार्थ पाण्यात उतरतात. एवढी सोय झाल्यावर बुरशीने तरी का येऊ नये?

स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरांत वापरलेली १९ खेळणी त्यांनी कापून पाहिली. सगळ्यांच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर होता, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ९५ लाख. ५८ टक्के खेळण्यांत बुरशीही होती. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. काही नवी खेळणी त्यांनी मुद्दाम केवळ स्वच्छ पाण्यात वापरून पाहिली, तर त्यांच्यातही दर चौरस सेंटिमीटरला ५५ लाख जिवाणू निघाले. म्हणजे स्वच्छतेची पराकाष्ठा करूनही थर धरतोच. सुनेला बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ही झाली कोरड्या हवेच्या देशातली कथा. आमच्या वरंधला, घाटाच्या पायथ्याशी, आषाढ-श्रावणात वलणीवरचा पंचा तीन दिवस ओलाच असतो. चपलांवर, पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव येते. महाड-पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ज्या हवेत पंचा वाळत नाही, तिथे टाचणीएवढ्या भोकातून बदकाचे पोट कसे वाळणार? ‘उन्हात ठेवा’ हा सल्ला ठीक आहे, ऊन असेल तेव्हा.

व्हिनेगरचे पाणी आत भरून हलवले की काळे कण बाहेर येतात आणि काम झाल्याचे समाधान मिळते. पण आतली बाजू ना दिसते, ना घासता येते, आणि चिकटलेला थर नुसत्या हलवण्याने सुटत नाही. (व्हिनेगर आणि ब्लीचिंगचे पाणी कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.) म्हणून माझे मत स्पष्ट आहे. काळे पडलेले बदक धूत बसू नये, टाकून द्यावे. नवे आणलेच तर पाणी लागण्यापूर्वीच त्याचे भोक पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने पक्के बुजवावे आणि ते उघडले नाही ना, हे अधूनमधून पाहावे. बिनभोकाचे मिळाले तर उत्तमच. बाजारात मी एका दुकानदाराला तसे विचारले, तर तो म्हणाला, “मग काका, ते वाजणार कसं?” त्याचेही खरेच. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावेच. पण त्या चिन्हाने बदकाचे पोट कोरडे होत नाही.

घाबरून जाण्याचे कारण नाही. बदकामुळे प्रत्येक मूल आजारी पडते, असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. तरी ती चिळकांडी मूल नेमकी तोंडावर उडवून घेते. डोळे, कान, एखादी जखम, सगळीकडे ते पाणी जाते. आधीच अशक्त असलेल्या मुलाबाबत हा धोका का पत्करायचा?

जुन्या न्हाणीची थोरवी मी गाणार नाही. तिथेही शेवाळ होते आणि माणसे घसरून पडत होती. पण घंगाळाजवळचा गडू किंवा नारळाची करवंटी यांना आतले असे लपलेले पोट नव्हते. उपडी घातली की संपले.

पुराची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले, तेव्हा पुढे कित्येक दिवस लोक घरातून चिखल उपसत होते. अशा वेळी भांडी घासून घ्यावीत, कपडे उकळावेत. पण पुराच्या पाण्यात बुडालेले पोकळ खेळणे वरून कितीही लख्ख दिसले तरी ठेवू नये. गाळ, गटार, उंदीर-घुशींचे मूत्र, सारे त्या भोकातून आत गेलेले असते. पोर रडेल. त्याला तेवढ्यापुरती करवंटी द्यावी आणि बदक गुपचूप चिखलाच्या ढिगाबरोबर जाऊ द्यावे.